शिसं स्वस्त, गोळी महाग

"तांबं उतरलं, शिसं उतरलं, मग काडतुसांचा भाव कधी उतरणार?" मराठी मंडळाच्या स्मरणिकेत हा प्रश्न वाचायला मिळेल असं तुम्हाला वाटलं नसेल. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी बंदूक नाही, आणि आमच्या घरात हरणाचा विषय निघतो तो फक्त रामायणातल्या सुवर्णमृगामुळे. पण मी पेनसिल्व्हेनियात राहतो. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा इथे वर्षानुवर्षं हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता. २०१९ पासून तो शनिवारवर आला, तरी त्या सोमवारी सुट्टी देणाऱ्या शाळा अजून आहेत. गणपतीत कोकणातला माणूस ऑफिसात शोधू नये, तसंच हे. त्यामुळे आपण सोन्याच्या भावाची चौकशी करतो तितक्याच गांभीर्यानं इथे जेवणाच्या टेबलावर काडतुसांच्या भावाची चौकशी होते.

हा प्रश्न ऐकल्यावर माझं पहिलं उत्तर होतं, उतरायलाच हवा! कारण आपण वाढलो ते भांड्यांच्या दुकानाच्या न्यायावर. आईबरोबर पितळी पातेलं घ्यायला गेलं की दुकानदार ते तराजूत टाकायचा, त्या दिवसाच्या भावानं गुणायचा, वर मजुरी लावायचा. जुनं भांडं मोडीत दिलं तर त्याचं वजन वजा. सराफाकडेही तेच, भिंतीवर आजचा भाव आणि खाली घडणावळ वेगळी. धातू किती आणि कारागिराची मेहनत किती, हे गिऱ्हाइकाला स्वच्छ दिसायचं. भाव उतरला की दागिना उतरलाच पाहिजे, यात वाद नव्हता.

काडतूसही शेवटी धातूचंच. त्याची नळी पितळेची, म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पुढची गोळी शिशाची, वर तांब्याचं पातळ कवच. आमच्या पेशाला शोभेल असा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. ९ मिलिमीटरच्या काडतुसाची नेहमीची ११५ ग्रेनची गोळी साधारण साडेसात ग्रॅम भरते, पितळेची नळी सुमारे ४ ग्रॅम, आणि दारू तर चिमूटभर, ग्रॅमचा तिसरा हिस्सा. ५० काडतुसांच्या पेटीत सव्वातीनशे ग्रॅम शिसं, २०० ग्रॅमच्या आत-बाहेर पितळ आणि थोडं तांबं. २०२४ साली शिसं टनाला २,००० डॉलरच्या आसपास होतं आणि तांबं ९,००० च्या आसपास. गुणाकार केला तर पेटीतला धातू जेमतेम अडीच डॉलरचा निघतो. पेटी मात्र १३-१४ डॉलरला. म्हणजे उद्या सगळे धातू निम्म्या भावानं मिळाले तरी पेटी फार तर सव्वा डॉलरनं उतरेल. बाकी सगळी घडणावळ! यंत्रं, कामगार, विमा, वाहतूक, दुकानाचं भाडं, आणि ११ टक्के केंद्रीय कर. हा कर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यापासून वन्यजीवांच्या संवर्धनासाठी जातो. हरणावर झाडलेल्या प्रत्येक गोळीतून हरणाच्या जंगलाचा खर्च निघतो. याला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. तो सव्वा डॉलर तरी उतरतो का?

२००८ चा जुलै आठवा. तांबं पौंडाला ४ डॉलरच्या घरात होतं. वर्ष संपेपर्यंत ते दीड डॉलरच्याही खाली आलं. शिसं ऑक्टोबर २००७ मध्ये टनाला ३,८०० डॉलरच्या वर होतं, ते डिसेंबर २००८ मध्ये १,००० च्या खाली घसरलं. भांड्यांच्या दुकानाच्या न्यायानं काडतुसं स्वस्त व्हायला हवी होती. पण नोव्हेंबरात बराक ओबामा निवडून आले, आता बंदुकांवर निर्बंध येणार अशी हवा झाली आणि लोकांनी दुकानं रिकामी केली. २००९ मध्ये भाव उतरणं सोडा, माल मिळत नव्हता. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यूटाउनच्या शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर पुन्हा तेच. सर्वांत साधी आणि स्वस्त अशी पॉइंट टू टूची काडतुसंसुद्धा कित्येक महिने दिसेनाशी झाली.

आता याचं उलट टोक पाहा. २०१६ च्या सुरुवातीला तांबं पौंडाला २ डॉलरपर्यंत खाली आलं होतं, आणि तेव्हा निवडणुकीच्या धास्तीनं खरेदी जोरात होती. निकाल लागला, डोनाल्ड ट्रम्प आले, धास्ती ओसरली. २०१७ ते २०१९ या काळात काडतुसं खरोखर स्वस्त झाली, वर रिबेटही मिळू लागली. आणि तांबं? ते २०१७ संपताना ३ डॉलरच्या पुढे गेलं होतं. धातू चढत असताना माल उतरला! त्याच मंदीत रेमिंग्टन ही दोनशे वर्षांची जुनी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०२० मध्ये पुन्हा गेली. मग महामारी आली आणि १० डॉलरच्या आसपास मिळणारी ९ मिलिमीटरची पेटी २०२१ च्या सुरुवातीला ४० डॉलरलाही विकली गेली. काडतुसाचा भाव धातूच्या बाजारात ठरतच नाही. तो माणसांच्या मनातल्या भीतीवर ठरतो, आणि भीतीचा भाव लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर लागत नाही.

इथवर अर्थशास्त्र झालं. मला सतावतो तो पुढचा प्रश्न. कच्चा माल स्वस्त झाला तर वाचलेला पैसा कोणाचा? गिऱ्हाइकाचा की विकणाऱ्याचा?

भाव चढतो बाणासारखा आणि उतरतो पिसासारखा, हे सगळ्यांनी पेट्रोलपंपावर अनुभवलंय. रॉबर्ट बेकन या अर्थशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या पेट्रोलच्या भावांवर लिहिताना हीच गोष्ट रॉकेट आणि पिसांच्या उपमेनं सांगितली. सॅम पेल्ट्झमन यांनी २००० साली शेकडो वस्तूंचे भाव तपासले, तेव्हा दर तीनपैकी दोनांहून अधिक बाजारांत हेच आढळलं. म्हणजे काडतूसवाले काही वेगळे लबाड नाहीत.

डॅनियल कानेमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये लोकांना एक प्रश्न विचारला होता. हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदारानं १५ डॉलरचं बर्फ उपसायचं फावडं २० डॉलरला केलं, हे योग्य का? ८२ टक्के लोक अन्याय्य म्हणाले. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की कारखानदाराचा खर्च कमी झाला आणि त्यानं भाव तसाच ठेवला, तर निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या न्यायबुद्धीला भाव वाढलेला दिसतो. न उतरलेला भाव तिला दिसत नाही, कारण काही घडलेलंच नसतं!

कौटिल्याला तो दिसला होता. अर्थशास्त्रात त्यानं व्यापाऱ्याचा नफाच बांधून टाकला, देशी मालावर ५ टक्के आणि परदेशी मालावर १०. खरेदी उतरली की विक्री आपोआप उतरलीच. मला स्वतःला हा मार्ग पटत नाही. २०२० मध्ये काडतुसांचा भाव बांधला असता तर पहाटे रांगेत उभा राहणारा सगळा माल घेऊन गेला असता, आणि तो काय भावानं पुढे विकला असता ते आपण रेशनच्या दिवसांत पाहिलेलं आहे.

माझं मत असं बनलंय की भाव किती, यापेक्षा भाववाढीचं कारण काय सांगितलं याकडे पाहावं. "लोक घाबरलेत, मागणी आहे, म्हणून ४० डॉलर" असं जो म्हणतो त्याचा मला राग येईल, पण तो खोटं बोलत नाही. जो "तांबं महागलं हो, आमचाही नाइलाज आहे" असं म्हणून दर वाढवतो, त्यानं मात्र स्वतःलाच बांधून घेतलं. तांबं उतरल्यावर तो गप्प बसला तर ती फसवणूक आहे, भले कायदा काही म्हणो. कारण दिलं की ते कारण दोन्ही बाजूंनी लागू व्हायला हवं.

तुम्ही म्हणाल, मुळात गोळी स्वस्त व्हावी असं वाटणंच बरोबर आहे का? महागच राहू दे! सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १९९३ मध्ये काही अतिघातक गोळ्यांवर १०,००० टक्के कर लावण्याचा प्रस्ताव मांडला होता. तो पुढे सरकला नाही. मलाही तो विचार आकर्षक वाटतो, पण हिशेब करायला बसलं की हातातून निसटतो. अमेरिकेत २०२२ मध्ये ४८,००० हून अधिक माणसं बंदुकीनं मेली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. निराशेच्या त्या घडीला लागते एकच गोळी, आणि तिची किंमत २५ सेंट आहे की अडीच डॉलर, याची चौकशी तिथे कोणी करत नाही. आमच्या ऑफिसातला शिकारी सहकारीही हंगामात तीन-चारच गोळ्या वापरतो. महागाईचा फटका बसतो तो शनिवारी रेंजवर शेकडो गोळ्या झाडणाऱ्याला, म्हणजे त्यातल्या त्यात निरुपद्रवी माणसाला. तेव्हा किमतीकडून नीतीचं काम करून घेण्याची आशा मी सोडून दिली आहे. घरातली बंदूक कुलपात असणं याचा उपयोग त्याहून जास्त आहे. आपल्या मुलांना मित्राच्या घरी झोपायला पाठवताना "तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि असली तर कुठे ठेवता?" हे विचारायला आपण संकोचतो. संकोचू नये. इथले लोक त्यात वाईट मानत नाहीत.

शिशाच्या स्वस्ताईतही एक न मोजलेला खर्च दडलेला आहे. शिशाची गोळी लागलेल्या हरणाचे अवशेष खाऊन गरुड मरतात. कॅलिफोर्नियानं २०१९ च्या जुलैपासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. निव्वळ तांब्याच्या गोळ्या महाग पडतात, तरी आमचा सहकारी त्याच घेतो, कारण ते मांस त्याची नातवंडं खातात. त्याच्यावर कोणाची सक्ती नाही.

या सगळ्याचा माझ्याशी काय संबंध? तर याच वर्षी माझ्या एका गिऱ्हाइकानं करार नव्यानं करताना विचारलं, "तुमचा दर उतरणार का?" आमच्या धंद्यातला कच्चा माल म्हणजे माणसांचे तास. २०२२ मध्ये माणसं मिळत नव्हती, पगार भडकले होते, तेव्हा मी पत्र लिहून ताशी दर ९ डॉलरनं वाढवला होता. पत्रात कारणही दिलं होतं. पगारवाढीसाठी ६ डॉलर, बाकीचे ३ आमच्या वाढलेल्या अनुभवाचे. आता बाजार थंडावलाय, नव्यानं घेतलेला माणूस तेव्हापेक्षा कमी पगारावर आला. माझ्या भागीदाराचं म्हणणं, कोणी दर उतरवत नाही, तू का उतरवतोस? मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार आहे, त्यामुळे त्याचं बोलणं मला अगदीच चुकीचं वाटत नव्हतं. दोन दिवस घरात याच्यावर चर्चा झाली. बायको म्हणाली, "ते जुनं पत्र काढ आणि वाच."

पत्र काढलं. पगाराच्या नावावर घेतलेल्या ६ डॉलरपैकी ४ कमी केले, कारण जुन्या दोघांचे पगार उतरलेले नाहीत. अनुभवाचे ३ तसेच ठेवले. नव्या पत्रात दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिले, भाव आणि घडणावळ. भागीदार अजून थोडा नाराज आहे. गिऱ्हाइकानं तिसऱ्या दिवशी सही करून पत्र परत पाठवलं, कारणांबद्दल एक शब्दही न विचारता.