आधी कळण्याचे ओझे

जे कळायचे ते लवकर कळावे, हे आपण गृहीतच धरतो. लवकर कळून साधते काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. बीजांडकोशाच्या कर्करोगाने तो प्रश्न उभा केला आहे.

हा रोग मोठा चिवट. शस्त्रक्रिया होते, औषधे होतात, गेलेले केस परत येतात, घर पुन्हा हसू लागते. आणि काही वर्षांनी कित्येकींच्या बाबतीत असे आढळते की, पोटातल्या द्रवाबरोबर पसरलेल्या पेशी आतड्यांच्या बाहेरच्या अंगावर रुजल्या आहेत. रक्तातला ‘सीए-१२५’ हा पदार्थ पुष्कळदा त्याची चाहूल आधीच देतो. पोट फुगण्याच्याही आधी.

मग आकडा चढला की लगेच औषध द्यावे, हेच शहाणपण नव्हे का? ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. आकडा चढलेल्या ५२९ स्त्रियांपैकी निम्म्यांना लगेच औषध दिले. बाकीच्यांना आकडा कळू न देता, रोगाच्या खुणा दिसेपर्यंत डॉक्टर थांबले. पहिल्या गटाचे औषध सुमारे पाच महिने आधी सुरू झाले. आयुष्य मात्र त्याने वाढले नाही. औषधांचा शीण तेवढा आधी वाट्याला आला.

म्हणून अज्ञानच बरे, असे नव्हे. पोट फुगून राहिले, उलट्या थांबेनात, शौच बंद झाले, तर एक दिवसही दवडू नये. शिवाय त्यानंतर नवी औषधे आली आहेत. हा हिशेब प्रत्येकीने आपल्या डॉक्टरांपाशी नव्याने मांडायचा आहे. एखादीला ते पाच महिने हवे असतील : दागिने सुनांना वाटायला, राहिलेली वारी करायला. दुसरीला तेच महिने निर्धास्त हवे असतील. दोघींपैकी कोणीच भित्री नव्हे.

आपल्या घरांत मात्र रिपोर्ट आधी मुलगा वाचतो, मग नवरा; आणि तिला सांगितले जाते, “काही नाही गं, गॅस आहे.” त्या अभ्यासातही आकडा झाकलेलाच होता. पण ज्यांच्यापासून झाकला, त्यांनी त्याला आधी संमती दिली होती. आपण मायेने झाकतो हे खरे. तथापि विचारून झाकत नाही. एवढा एकच फरक, पण सारी नीती त्यात आहे.

आजार दारात नसताना हे विचारणे सोपे असते. फराळाला सगळे एकत्र बसले आहेत, “आई, तुला कळलेले आवडेल का?” एवढेच विचारायचे, आणि ती देईल ते उत्तर लक्षात ठेवायचे.