पोट भरलं हे कोण सांगणार? (गीता, अध्याय ६, श्लोक १६-१७)



आजचे दोन श्लोक तुमच्यापैकी अनेकांना पाठ असतील. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. मग पुढच्याच श्लोकात 'युक्त' हा शब्द तीनदा येतो: आहार-विहाराला, कामाला, झोप-जागरणाला.

खरं सांगतो, हे श्लोक मला बरीच वर्षं टोचायचे. रिलीजच्या आठवड्यात रात्री साडेबाराला लॅपटॉपशेजारी क्रीम बिस्किटांचा पुडा उघडायचा, दोनच खाईन म्हणायचं, आणि थोड्या वेळानं हाताला नुसता कागद लागायचा. मग अपराधी वाटायचं. 'जीभ ताब्यात नाही, कसली साधना करतोय मी?' सकाळी ठरवायचो, आज काहीच खायचं नाही. संध्याकाळी सातपर्यंत कसाबसा टिकायचो, की पुन्हा तेच. म्हणजे सोळाव्या श्लोकातली दोन्ही टोकं मी चोवीस तासांत गाठत होतो!

मग एका प्रयोगाबद्दल वाचलं. अमेरिकेत बेथेस्डा इथे, एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेत, केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० जणांना चार आठवडे ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, अति-प्रक्रिया केलेलं खाणं. दोन आठवडे साधं, शिजवलेलं अन्न. दोन्हीकडे समोर येणाऱ्या ताटात कॅलरी, साखर, मीठ, फॅट, फायबर जवळपास सारखं. सूचना एकच: हवं तेवढं खा. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाकीटबंद खाण्याच्या दिवसांत तीच माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती. बिनतुपाच्या चार-पाच पोळ्या समजा. वजन सरासरी ०.९ किलोनं वाढलं, आणि साध्या अन्नावर जवळजवळ तेवढंच उतरलं.

मला थांबवलं ते पुढच्या तपशिलानं. चवीच्या बाबतीत लोकांनी दोन्ही जेवणांना सारखंच पसंत केलं होतं. म्हणजे 'चटक लागली म्हणून जास्त खाल्लं' एवढं सोपं उत्तर नाही. मात्र मऊ, चावायला फारसं न लागणारं ते खाणं त्यांनी भराभर संपवलं. साध्या अन्नावर असताना रक्तात तृप्तीचा निरोप देणारं एक संप्रेरक वाढलं होतं, भुकेचं घटलं होतं. माणसं थोडी, काळ थोडा, आणि नेमकं कशामुळे हे घडतं यावर अजून काम चालू आहे. तरी मला माझा पुडा दिसला.

आपल्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूप. 'पुरे' हा सिग्नल पोटातून मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. तो पोचायच्या आत पुडाच संपला तर संयम दाखवायचा कुठे? युक्त आणि योग दोन्ही 'युज्' धातूचे, म्हणजे जोडणं. मी 'युक्त आहार'चा अर्थ 'मोजून खा' एवढाच घेत होतो. आता वाटतं, शरीराशी जोडलेलं राहून खाणं, त्याचं 'पुरे' ऐकू येईल असं खाणं, हाही अर्थ त्यात आहे.

सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराला 'स्थिर' म्हटलंय. शंकराचार्यांनी अर्थ दिलाय, देहात दीर्घकाळ टिकणारा. मला आजोबांची चित्राहुती आठवते. ताटाभोवती पाणी, बाजूला शितं, मग श्लोक. लहानपणी कंटाळा यायचा. पण पहिल्या घासाआधी एक थांबा होता तो, आणि ताटात भाकरी होती, जी चावावीच लागायची.

(आणि हो, एकादशीला 'फराळी' लिहिलेली फ्लेवरवाली पाकिटं फोडणाऱ्यांनो, माझ्यासकट, उपवासाचा शिक्का असला तरी पाकीट ते पाकीटच.)

इच्छाशक्ती नको असं मी म्हणत नाहीये. पण तिचा उपयोग रात्री साडेबाराला, उघड्या पुड्यासमोर, फारसा होत नाही, दुकानात होतो. आता डेस्कवर भाजलेल्या शेंगा असतात, टरफलासकट. एकेक फोडायला लागते, त्यात कीबोर्डवरून हात काढायला लागतो. परवाच्या रिलीजला अर्धा डबा उरला. झाकण लावलं आणि झोपलो.

उद्या अठरावा श्लोक. राम कृष्ण हरी.