रम्य देखावा व रिकामी भूमी

सुंदर देखावा पाहून जो आनंद होतो, तो सर्वस्वी निर्दोष असतो काय? हा प्रश्न पुष्कळांस विचित्र वाटेल. तथापि स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकास जाणाऱ्या आगगाडीचा विचार करता तो आम्हांस टाळता येत नाही.

इन्व्हर्नेसपासून विकपर्यंतचा हा लोहमार्ग सुमारे २६० किलोमीटर लांब असून तो १८७४ साली पुरा झाला. हेल्म्सडेल येथे समुद्रकाठ सोडून गाडी किल्डोननच्या खोऱ्यात शिरते. नदी, हरणे, उघड्या टेकड्या आणि क्वचित एखादे घर! प्रवासी खिडकीशी बसून त्या निर्जन शांततेची वाखाणणी करतात.

परंतु ती निर्जनता आपोआप आलेली नाही. १८१३ ते १८१९ या काळात सदरलंड घराण्याच्या जमीनदारीने मेंढ्यांच्या कुरणांसाठी तेथील कुळांस उठविले. कित्येक कुटुंबांस समुद्रकिनारी तुटपुंज्या जमिनीवर बसविण्यात आले. कित्येक दूर कॅनडात रेड नदीच्या काठी गेली. पुढे त्याच घराण्यातील तिसऱ्या ड्यूकने या लोहमार्गाचा एक भाग स्वखर्चाने बांधला. ज्यांनी माणसे काढली, त्यांच्याच वंशजाने प्रवाशांस वाट करून दिली.

कोणी म्हणेल, दोनशे वर्षांपूर्वीच्या अन्यायाचे ओझे आजच्या प्रवाशाने का वाहावे? त्याने ते वाहावे असे आमचे म्हणणे नाही. आनंद मानणे हे पाप नव्हे. शिवाय प्रत्येक ओसाड जागा अन्यायानेच ओसाड झाली असेही नाही. याच मार्गावर पुढे फॉर्सिनार्डभोवती दलदलीचे अफाट मैदान लागते. हजारो वर्षे साचलेल्या वनस्पतींच्या थरांनी ते बनले असून २०२४ साली त्या प्रदेशास जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथील रितेपणा निसर्गाचा आहे, किल्डोननचा मनुष्याने केलेला आहे. डोळ्यांस मात्र दोन्ही सारखेच रम्य दिसतात. म्हणून नुसते पाहणे पुरेसे नाही. येथे पूर्वी कोण राहत होते, हेही विचारले पाहिजे. जो विचारीत नाही, तो त्या गेलेल्या लोकांस दुसऱ्यांदा विस्मृतीत घालवितो.

हेल्म्सडेल येथे २००७ साली देशोधडीस लागलेल्या एका कुटुंबाचा पुतळा उभारण्यात आला. त्यातील पुरुष पुढे पाहतो. तान्हे बाळ घेतलेली स्त्री मागे वळून खोऱ्याकडे पाहते. प्रवाशाकडून आमचे मागणे एवढेच, की गाडी त्या खोऱ्यात शिरताना त्याने एकदा तरी त्या स्त्रीच्या दृष्टीने बाहेर पाहावे.