कोंब कुणाच्या कर्माचा?

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. नगद नारायण महाराजांचा हा गड वारकऱ्यांचा, आणि वारकरी कीर्तनात भाजलेल्या बीजाचा दृष्टान्त रुळलेला: लाही झाली की अंकुर नाही, वासना जळली की जन्म नाही. पण बीडच्या शिवारात सोयाबीन काढणीला यावं आणि पाऊस लागून राहावा, की उलटंच घडतं. शेंग उकलली तर आत दाणा फुगलेला, साल फाटलेली, पांढरा कोंब बाहेर आलेला. तो दाणा ना बियाण्याचा राहतो, ना बाजाराचा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर असाच पाऊस कोसळला.

अशा शेतकऱ्याला ‘पेरावं तसं उगवतं’, ‘ज्याचं त्याचं कर्म’ असं ऐकवणं अन्यायाचं आहे. ते दाण्यालासुद्धा लागू पडत नाही.

दाण्यातलं ॲब्सिसिक ॲसिड हे संप्रेरक अंकुराला रोखून धरतं, जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक त्याला मोकळं करतं. मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस या रोपात २००६ साली डॉग-१ हे जनुक हाती लागलं. ते रोखणाऱ्या बाजूला बळ देतं. दाणा भरताना आईरोपाला गारवा लागला, तर हे जनुक जोरात चालतं आणि दाण्याची झोप, म्हणजे सुप्तावस्था, गाढ होते. पुढे कोरड्या साठवणीत त्याचं प्रथिन दाण्यातच असतं, पण हळूहळू निकामी होतं. वरची सालही आईच्याच पेशींची. दाण्याच्या संयमात आईने सोसलेलं हवामान असतं.

पतंजलींनी क्लेशांची ‘प्रसुप्त’, म्हणजे बीजासारखी झोपलेली, अवस्था सांगितली. व्यासभाष्य तिच्यापासून जळलेलं बीज निराळं काढतं. शेतातलं सोयाबीन दोन्हींत बसत नाही: ते ना नीट झोपतं, ना जळलेलं असतं. रानटी सोयाबीनचा टणक दाणा सहजी पाणी पीत नाही. माणसाने मात्र पेरताच एकसाथ उगवणारे दाणे पिढ्यान्‌पिढ्या निवडले. २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं की सुप्तावस्थेशी निगडित ‘जी’ जनुकावर सोयाबीनमध्ये अशी निवड झाली आहे. भात आणि टोमॅटोतही त्याच जनुकाच्या भावंडांवर झाली.

एकसारखी उगवण सगळ्यांनाच हवी होती. तिची किंमत मात्र, ऐन काढणीत ज्याच्या रानावर पाऊस थांबला, तो एकटा मोजतो. संचिताचा विचार एकेका जिवापुरता ठेवला, तर हा हिशेब कुठेच लागत नाही. संचित पिकाचं असतं आणि ते बदलताही येतं: भुईमुगाच्या उपट्या वाणांत दोन-तीन आठवड्यांची झोप परत आणण्याचं काम भारतातल्या पैदासकारांनी केलं आहे. सोयाबीनलाही परतीचा पाऊस ओसरेपर्यंत कदाचित तेवढी पुरेल.