तिसरी पाळी

मुलगी इंजिनिअर झाली याचं आता कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते ती चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागली, असं कळल्यावर. "म्हणजे रात्रपाळीसुद्धा?" हा प्रश्न लगेच येतो, आणि तो विचारणारे बहुधा तिच्या शिक्षणाचं मनापासून कौतुक करणारेच असतात. बाईच्या बुद्धीवरचा संशय आपण शंभर-सव्वाशे वर्षांत बराचसा सोडला. तिच्या रात्रीवरचा हक्क सोडायला मात्र आपण अजून तयार नाही.

बुद्धीचा वाद आपल्याकडे लवकर सुरू झाला. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, असं आगरकरांनी 'सुधारका'त रोखठोक मांडलं. 1895 मध्ये ते गेले आणि पुढे रुजली ती कर्व्यांची सावध वाट. 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढताना कर्व्यांसमोर जपानमधल्या महिला विद्यापीठाचा नमुना होता. बहुतेक मुली पुढे संसारच करणार, तेव्हा त्यांना मातृभाषेतून शिकवावं आणि गृहशास्त्र, आरोग्य यांना जागा देणारा वेगळा अभ्यासक्रम आखावा, ही त्यांची भूमिका. आज ती तोकडी वाटते, पण ज्या घरांनी आगरकरांना दारात उभं केलं नसतं, त्यांनी कर्व्यांकडे मुली पाठवल्या. याच कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने 1991 मध्ये पुण्यात मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज उघडलं. आज ते कमिन्स कॉलेज म्हणून ओळखलं जातं. एकच शिक्षण हे आगरकरांचं मागणं तिथे पुरं झालं, एकत्र शिक्षणाचं राहिलं. मला हा समझोता फारच मराठी वाटतो.

कारखान्याची गोष्ट मात्र शाळेच्या गोष्टीसारखी सरळ पुढे गेलेली नाही. बायका तिथे आधीपासूनच होत्या. मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रीलिंगची खाती बायकांचीच, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी नाईकीणही बाईच. 1890 मध्ये आठवड्याच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची मोठी सभा भरवली, तेव्हा तिथे दोन कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे यंत्राच्या आवाजाची सवय बाईला नव्हती असं नाही. तिच्याकडे नव्हता तो यंत्रावरचा अधिकार: ते जुळवण्याचा, खोलण्याचा, बिघडलं तर का बिघडलं हे सांगण्याचा.

हा अधिकार तिच्यापासून लांब ठेवण्यात चांगल्या हेतूंचाही वाटा आहे, आणि इथेच या इतिहासाची खरी गुंतागुंत आहे. 1891 च्या फॅक्टरी कायद्याने बायकांचं काम दिवसाला 11 तासांवर आणलं. त्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ होता तशी इथल्या सुधारकांची कळकळही होती. स्वतंत्र भारताच्या 1948 च्या कायद्याने बाईच्या कामाची वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7 अशी ठरवली. सरकारला त्यात थोडी ढील देता येई, पण रात्री 10 ते पहाटे 5 ही वेळ बंदच. त्याच कायद्याने, इजेचा धोका असेल तिथे, चालत्या यंत्राची सफाई करणं, त्याला तेल घालणं, ते जुळवणं बायकांना मना केलं. त्या कलमात बायकांच्या सोबतीला अल्पवयीन मुलं आहेत. ज्या काळी फिरत्या पट्ट्यांत पदर अडकून माणूस जात असे, त्या काळी हे लिहिणाऱ्यांना दोष देववत नाही. पण कारखाने दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्यावर मालकांनी साधा हिशेब केला: एका पाळीत चालणारी बाई घेण्यापेक्षा तिन्ही पाळ्यांत फिरणारा पुरुष सोयीचा. पाळणाघर आणि बाळंतपणाचा खर्च वाचला तो वेगळाच. गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घटत गेलं. संरक्षण कागदावर उरलं आणि नोकरी गेली.

अय्यलसोमयाजुला ललिता यांची गोष्ट मला याच संदर्भात पुन्हा पुन्हा विचारात पाडते. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात तान्ही मुलगी. 1943 मध्ये मद्रासच्या गिंडी कॉलेजातून त्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. देशातल्या पहिल्या स्त्री इंजिनिअरांत त्यांची गणना होते. डॉक्टरकी त्यांनी टाळली, कारण रात्रीबेरात्री रुग्णाचं बोलावणं येईल आणि मूल घरात एकटं राहील. इंजिनिअरिंग त्यांना दिवसाचं काम वाटलं! जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांनी उमेदवारी केली, पण पुढची कारकीर्द मुख्यतः कलकत्त्यात, डिझाइनच्या टेबलावर झाली. भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांचं कामही त्यांनी केलं. टेबल बाईला मिळालं; शॉप फ्लोअर मिळायला आणखी तीन दशकं लागली.

1974 मध्ये टेल्कोने (पुढच्या टाटा मोटर्सने) पुण्याच्या कारखान्यासाठी जाहिरात दिली, तीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं लिहिलं होतं. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीला बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली. ही गोष्ट आपण पोस्टकार्डाच्या धीटपणासाठी सांगतो. मला तिच्यातली नकाराची बाजू जास्त बोलकी वाटते. मूर्तींनी स्वतः लिहिल्याप्रमाणे, शॉप फ्लोअरवर आजवर बाई घेतली नाही, हेच कारण त्यांना सांगण्यात आलं. बुद्धीबद्दल तक्रार नव्हती.

नंतर कायदा हलला. 2000 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रात्रीची बंदी घटनाबाह्य ठरवली. 2015 मध्ये महाराष्ट्राने आपल्यापुरती दुरुस्ती केली. 2020 च्या कामगार संहितेने बाईची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था या अटींवर देशभर ही वाट मोकळी केली. आता टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात बायकांनी जुळवलेल्या गाड्या बाहेर पडतात, आणि अशा 'महिला लाइन'चे फोटो 8 मार्चला छापून येतात. त्यांचा आनंद आहेच. पण बायकांची बोटं नाजूक, त्यांचा हात स्वच्छ, त्या दांड्या मारत नाहीत, ही जी स्तुती सोबत येते तिने मी बिचकतो. बाई अमुक कामालाच शोभते, हे आपण गृहशास्त्राच्या वेळी ऐकलेलं आहे. असेंब्लीची लाइन बायकांची आणि ती बंद पडली की स्पॅनर घेऊन येणारा मात्र बाप्या, असं असेल तर गिरणीतल्या वाइंडिंग खात्यापासून आपण फार लांब आलेलो नाही.

कारखान्यात मोठं होण्याची वाट प्रॉडक्शन आणि मेंटेनन्समधून जाते. रात्री दोनला प्रेस अडकते, डाय उतरवावा लागतो, फिटरशी हुज्जत घालावी लागते. पुढे प्लँट हेड होणारा माणूस तिथे तयार होतो. मुलींना 'तुमच्या सोयीसाठी' क्वालिटी, प्लॅनिंग किंवा डिझाइनकडे वळवणारा साहेब सहसा दुष्ट नसतो. घरी त्यालाही मुलगी असते. तो 1948 चा कायदा नव्याने, तोंडी, लागू करत असतो. आणि नव्या कायद्यातली संमती हीसुद्धा दुधारी आहे. रात्रपाळीला 'नाही' म्हणणारीच्या पुढच्या बढतीचं काय होतं, हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नसतं. 'हो' म्हणणारीला आधी घर समजवावं लागतं, मग खोलीचा मालक, आणि एवढं झाल्यावर सकाळी साडेसहाला पाळी सुटली की एमआयडीसीच्या फाट्यावरून तिला घरी नेणारी बस वेळेवर असावी लागते. कंपन्यांच्या अहवालात महिलांची टक्केवारी छापतात, तिच्याशेजारी तिसऱ्या पाळीच्या मेंटेनन्समध्ये किती जणी हा एक रकाना मला हवा आहे.