न फोडता उघडलेली तिजोरी

किल्ली जवळ असेपर्यंत कुलूप कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. ती हरवली म्हणजे मात्र घरातल्या माणसांच्या मनात काय काय बंद होते, ते एकेक करून बाहेर येऊ लागते. काही वर्षांपूर्वी शिरड शहापूरच्या आमच्या घरी मला हा अनुभव आला. आणि त्या वेळी एका किल्लीवाल्याने विचारलेला साधा प्रश्न अजून माझी पाठ सोडीत नाही.

औंढा-वसमत रस्त्यावरचे हे आमचे गाव. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते. आणि १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात. माजघराच्या भिंतीत बसवलेल्या आमच्या तिजोरीने या साऱ्या राजवटी पाहिल्या होत्या. घर आजोबांचे, वाटण्या न झालेले. काका वारले, त्यांच्यामागे मूलबाळ नव्हते, आणि तिजोरीची किल्ली काही सापडेना. महिनाभराने मी आणि माझा चुलतभाऊ आवराआवरीसाठी गेलो. वसमतला राहणाऱ्या विधवा आत्याला आम्ही कळवले नाही. "म्हातारीला उगीच कशाला त्रास," असे आम्ही एकमेकांस सांगितले. आपण एखाद्याची दया करतो तेव्हा तिच्यात स्वार्थ किती आहे, हे तपासून पाहण्याची आपल्याला सवय नसते.

भावाचे म्हणणे, तिजोरी कापून काढावी. मी म्हणालो, आजोबांची वस्तू, तिला ओरखडासुद्धा पडता कामा नये. या बोलण्याचा मला थोडा अभिमानही वाटला. म्हणून वसमतहून एक किल्लीवाला आणवला. तो शिकलीगर शीख होता. हत्यारे घडविणे, त्यांना धार लावणे हा या समाजाचा जुना धंदा. आता त्यांतले पुष्कळजण किल्ल्या करतात. त्याने तिजोरीवरून हात फिरवला, किल्लीच्या भोकात डोकावून पाहिले आणि विचारले, "मालक, हिस्सेदार सगळे हजर आहेत ना?"

"आहेत," मी म्हणालो.

भावाने मान खाली घातली. ते त्याने पाहिले असावे. "बहीण, आत्या कोणी?" त्याने पुन्हा विचारले. मी गप्प राहिलो. तो शांतपणे आपल्या कानशी पिशवीत भरू लागला. जाताना म्हणाला, "तोडलं, तर तोडल्याची खूण राहते, मालक. माझ्या कामाची खूण राहत नाही. म्हणून माणसं लागतात. आत्याबाई वसमतलाच असतील, तर उद्या माझ्यासंगं येतील."

दुसऱ्या दिवशी आत्या आली आणि तिजोरीसमोर पाट टाकून बसली. किल्लीवाल्याने कोरी किल्ली दिव्यावर धरून तिला काजळी चढवली, ती कुलपात घालून हलकेच दाबली, बाहेर काढली आणि उजेडात निरखली. आतल्या तरफा जिथे टेकत होत्या, तिथे काजळी पुसली गेली होती. तेवढाच भाग त्याने कानशीने घासला. पुन्हा काजळी, पुन्हा दाब, पुन्हा घासणे. अशा कुलपातील प्रत्येक तरफ ठरावीक उंचीपर्यंतच उचलली जावी लागते. केसभर कमी किंवा केसभर जास्त झाले तरी अडसर सरकत नाही. दोन तास गेले. मग आत काहीतरी खट्‌कन वाजले आणि दार उघडले.

आत जमिनीचे दोन जुने कागद, एक बंद पडलेले घड्याळ आणि हाली शिक्क्याच्या नाण्यांची पुरचुंडी होती. दुसरे काही नाही. आत्या बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "वैधव्य आलं तेव्हा माझ्या पाटल्या दादाजवळ ठेवल्या होत्या." त्या कुठे गेल्या हे आता कोण सांगणार? थोड्या वेळाने तीच म्हणाली, "बरं झालं बाबांनो, माझ्या डोळ्यांदेखत उघडलंत. नाहीतर मरेपर्यंत तुमच्यावर वहीम राहिला असता."

मी त्या दिवसापासून विचार करीत आहे, तो फोडणे आणि उघडणे यांतील भेदाचा. फोडणे वाईट आणि हलक्या हाताने उघडणे चांगले, असे आपण सहज धरून चालतो. कायद्याने तसे धरलेले नाही. १८६० च्या दंडसंहितेतील ४६१ व्या कलमात, लबाडीने बंद पेटी फोडणारा आणि ती नुसती उघडणारा, दोघे एकाच पंगतीत बसवले होते. २०२४ मध्ये तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी तो न्याय तसाच राहिला आहे. आमच्याच गावात मल्लिनाथांचे प्रसिद्ध जैन क्षेत्र आहे. त्या धर्मात चोरीला 'अदत्तादान' म्हणतात, म्हणजे न दिलेले घेणे. त्या शब्दात कुलपाचा उल्लेखच नाही. उलट, पुरीच्या जगन्नाथ मंदिरातील रत्नभांडाराची आतली खोली १४ जुलै २०२४ रोजी उघडताना किल्ल्या लागेनात, तेव्हा दंडाधिकाऱ्यांच्या समक्ष कुलुपे तोडण्यात आली. तेथे घाव पडले, पण विश्वासघात झाला नाही. आमच्या घरी ओरखडाही न पडता तो होऊ घातला होता.

साक्षीदाराचे काम कुलपालाच सांगून पाहण्याचा प्रयत्नही माणसाने केला आहे. १८१८ साली इंग्लंडात जेरेमाया चब याने असे कुलूप केले, की चुकीच्या हाताने तरफ जास्त उचलली गेली तर ते अडकून बसे; मग मालकाने आपली किल्ली लावताच कुणीतरी छेडछाड केल्याचे त्याला कळे. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते सुमारे पंचवीस मिनिटांत उघडून दाखविले. कारागिरी पुरेशी वाढली, की यंत्राची साक्ष संपते. मग उरतो तो माणूसच.

कुणी म्हणेल, किल्लीवाल्याला ही पंचाईत कशाला? त्याने मजुरी घ्यावी, हक्काचा निवाडा कोर्टाने करावा. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. प्रत्येक कारागीर न्यायाधीश होऊन बसला तर कुणाचेच दार उघडायचे नाही. परंतु त्याने निवाडा दिलाच नव्हता. आत काय आहे, कुणाचा वाटा किती, हे त्याने विचारले नाही. ज्याचे नुकसान होऊ शकते, त्याला ते दिसावे, एवढीच त्याची अट होती. ज्याच्या विद्येची खूण मागे राहत नाही, त्याने निदान इतके मागावे, असे मला वाटते. आणि ही गोष्ट डॉक्टरास, वकिलास, हिशेबनिसासही लागू आहे.

आत्या आता नाही. आम्ही तिला आदल्या दिवशीची हकीकत कधीच सांगितली नाही. तिने आमच्यावर ठेवलेला विश्वास त्या किल्लीवाल्याने कमावून दिलेला होता. तो मी माझाच म्हणून वापरला. तिने न दिलेले मी काही घेतले असेल, तर ते हेच.