चांदीवरचा चेहरा कुणाचा?

कैसराला कर द्यावा की नाही, या प्रश्नात येशू ख्रिस्तांना अडकवायला माणसं आली, तेव्हा उत्तर देण्याआधी त्यांनी नाणं मागितलं. ते त्यांच्या स्वतःजवळ असल्याचा उल्लेख शुभवर्तमानात नाही. पुढं आलं ते रोमचं चांदीचं दिनार. त्यावर चेहरा कुणाचा आणि नाव कुणाचं, एवढंच विचारून त्यांनी कैसराचं देणं कैसराला आणि देवाचं देवाला द्यायला सांगितलं. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही हा प्रसंग नोंदवला आहे. सुरत–भुसावळ लोहमार्गावरच्या चिंचपाड्यात ख्रिस्ती रुग्णालय आहे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या आसपासच्या नवापूर तालुक्यात आदिवासी ख्रिस्ती मंडळ्याही पुष्कळ आहेत. तिथं हा प्रसंग नवा नाही. ज्या नाण्यावरून तो घडला, त्याची भारताशी असलेली ओळख मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

ते दिनार बहुधा सम्राट टायबेरियसचं असावं, असं अभ्यासक मानतात. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला सम्राटाचा चेहरा आणि भोवती तो ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ असल्याची अक्षरं. दुसरीकडे आसनावर बसलेली स्त्री आणि सम्राट हा सर्वोच्च पुरोहित असल्याची द्वाही. एका देवाखेरीज कुणालाही न मानणाऱ्या यहुदी माणसानं असं नाणं मुठीत धरणं हीच मुळात धर्मसंकटाची गोष्ट होती. जगभरचे संग्राहक आज याच जातीच्या दिनारासाठी भरपूर पैसे मोजतात. आणि भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या निधींत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच नाणी सर्वांत जास्त आहेत.

ती आली व्यापारातून. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी नफ्यानं बदलून मिळत, अशी नोंद आहे. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर. भडोच तापीच्या उत्तरेला आणि पैठण दक्षिणेला, तेव्हा गाड्या कुठल्याही वाटेनं निघोत, तापी ओलांडल्याशिवाय त्यांची सुटका नव्हती. तेरला तर टायबेरियसच्या नाण्याच्या नकलेची मातीची पदकं सापडली आहेत, गळ्यात अडकवायला वर कडी असलेली. रोममध्ये ज्या चेहऱ्याला देवपण चिकटवलं जात होतं, तो इथं गळ्यातला दागिना झाला, आणि त्यासाठी कुणाला रोमचा देव मानावा लागला नाही.

नाण्याचा असा दागिना होणं नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात जुनं झालेलं नाही. राणी व्हिक्टोरियाचे आणि पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये माळेत ओवून घालण्याची रीत भिल्ल आणि पावरा बायांमध्ये आहे. होळीला त्या साजानिशी निघतात, तेव्हा राणीचा चेहरा त्यांच्या नाचाबरोबर हलत असतो. तो रुपया आता ना कुठल्या कराचा, ना कुठल्या राज्याचा. आईकडून लेकीकडे जाणारी ती ठेव आहे आणि अडीअडचणीला सोनाराकडे मोडायची तजवीजही. हा संग्रह नव्हे असं कोण म्हणेल?

पण नाणं ज्याच्या हाती ते त्याचं, हे इतकं सरळ आहे का?

उत्तर शोधायला नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिथल्या बौद्ध लेण्यांत जावं. तिथं नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यातला एक वाचताना हिशोबाची वही उघडल्यासारखं वाटतं. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, त्यानं २,००० कार्षापण (त्या काळची चांदीची नाणी) दरमहा शेकडा एक दरानं ठेवले आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० पाऊण टक्क्यानं. मूळ रक्कम परत द्यायची नाही, फक्त व्याज उपभोगायचं: ही अक्षयनीवी. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज २४० होतं. लेण्यात पावसाळ्याचा मुक्काम, म्हणजे वर्षावास, करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा, म्हणजे बरोबर २४०. आता याच भिक्षूंना विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेच्या, नियमानं सोनंचांदी स्वीकारायला मनाई होती. तरीही व्यवस्था उभी राहिली. चांदी विणकरांकडे, वस्त्र भिक्षूंकडे, पुण्य दात्याकडे, आणि मुद्दल पुन्हा कुणाच्याही खिशात जाणार नाही, अशी. अपरिग्रह म्हणजे वस्तूला हात न लावणं, अशी सोपी समजूत या लेखासमोर टिकत नाही. वस्तू सगळ्यांच्या हातांतून फिरते आणि तरी कुणी तिचा धनी म्हणवत नाही, हे त्या माणसांनी व्यवहारात करून दाखवलं होतं.

नहपानाच्या चांदीचं पुढं काय झालं, तेही नाशिकजवळच सापडलं. १९०६ साली जोगलटेंभीला १३,२५० च्या आसपास नाण्यांचा निधी निघाला. सगळी नहपानाची: त्याचा चेहरा आणि ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिपींतला मजकूर. त्यातल्या ९,२७० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता. काही नाण्यांवर या ठशातल्या डोंगराच्या कमानींखालून जुन्या राजाची टोपी किंवा नाक अजून डोकावतं. येशूंचा प्रश्न या नाण्यासमोर विचारला, तर त्याला एक नाव पुरत नाही. ही चांदी नहपानाकडे कुठून आली? रोमन दिनार वितळवून, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे चेहऱ्याखाली चेहरा आणि त्याखाली आणखी एक.

रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा निधी अभ्यासून १९०८ साली प्रसिद्ध केला. तेवढ्यानं सातकर्णीचं सातवाहन आणि नहपानाचं क्षहरात या घराण्यांच्या संघर्षाला पक्का पुरावा मिळाला. यातलं एखादंच नाणं बाजारात आलं असतं, तर ते सुंदर आणि दुर्मीळ ठरलं असतं, पण किती नाण्यांवर नवा ठसा आणि किती ठशाविना, हे प्रमाण कायमचं हरवलं असतं. संग्राहकाच्या नीतीची कसोटी इथं लागते. नाणं विकत घेणं हा दोष नव्हे. ते कुठल्या मातीतून, कुठल्या मडक्यातून, कशाबरोबर निघालं, हे पुसून घेणं हा दोष आहे, आणि चढी किंमत मोजून त्याची भरपाई होत नाही.

१८७८ चा भूमिगत निधीचा कायदा याच ठिकाणी माणसाच्या हाताला धरतो. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसला, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से, जमीनमालकाला एक. सरकारला तो हवा असेल, तर किमतीवर पाचवा हिस्सा अधिक देऊन घेता येतो. नवापूरकडच्या एखाद्या शेतात उद्या नांगराच्या फाळाला मडकं लागलं, तर हे सांगणारं कुणीतरी सोनाराच्या आधी त्या बांधावर पोचायला हवं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था १९८० पासून आहे. ओळख पटवायला माणसं तिथं मिळतात. फक्त मडक्यातली नाणी तोवर न धुता, न वाटता, एकत्र राहिलेली हवीत.